मतिमंदांची वसतिगृहे व त्यांची पारख

आमच्या अक्कलकोट गावी भुकेल्यास अन्न मिळत नाही असे कोणास म्हणता येणार नाही. श्री स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळाची स्थापना १९८८ साली झाली, आणि तेव्हापासून दूरदूरचे यात्रेकरू हजारोंनी येथे पंक्तीस बसून तृप्त होऊन गेले आहेत. अन्नदान हा या गावचा जणू स्वभावच होय, व त्याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु याच स्वभावातून हल्ली एक रीत, केवळ आमच्याच गावी नव्हे तर सर्वत्र, रूढ होत चालली आहे. तिच्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते. घरी मुलाचा वाढदिवस आला किंवा वडिलांचे वर्षश्राद्ध आले, की कुटुंबाने एखाद्या मतिमंद मुलांच्या वसतिगृहात जावे, तेथे श्रीखंडपुरीचे जेवण घालावे, मुलांना भोवती बसवून छायाचित्र काढून घ्यावे आणि दीड तासाने परत फिरावे. हेतू निर्मळ असतो याविषयी आम्हांस शंका नाही. तथापि त्या दीड तासात पाहुण्यास जे दिसले तेच ते वसतिगृह, अशी जी समजूत होऊन बसते ती फार घातक आहे. वसतिगृहाची पारख श्रीखंडाच्या दिवशी होत नसून एखाद्या साध्या मंगळवारी रात्री दोन वाजता होत असते, हे आम्हांस या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम, हे लोक कोण याविषयी आमच्या विद्यार्थ्यांच्या मनात गोंधळ नसावा. मतिमंद म्हणजे वेडा नव्हे. वेड हा आजार आहे. तो चांगल्या शिकलेल्या मनुष्यासही चाळिसाव्या वर्षी जडतो, आणि औषधाने त्यास पुष्कळदा उतारही पडतो. मतिमंदाची गोष्ट निराळी. त्याच्या बुद्धीची वाढ जन्मापासून अथवा बालपणापासूनच सावकाश झालेली असते. तो शिकतो, पण हळू शिकतो. आणि शिकविणाऱ्याने धीर सोडला म्हणजे त्याचे शिकणे तेथेच थांबते. हा भेद सरकारच्या कायद्यासही फार उशिरा उमगला. १९१२ च्या कायद्याने वेड्यांस व मतिमंदांस एकाच नावाखाली घातले होते. १९८७ साली नवा मानसिक आरोग्य कायदा झाला तेव्हा मतिमंदत्व त्यातून प्रथम वेगळे काढण्यात आले. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने 'बौद्धिक दिव्यांगता' हा शब्द वापरात आणिला. आम्ही येथे जुनाच शब्द योजितो, कारण घरोघरी तोच समजतो. त्यात तुच्छतेचा लेशही नाही. २०११ च्या जनगणनेत देशात असे सुमारे १५ लक्ष व महाराष्ट्रात दीड लक्षाहून अधिक लोक नोंदले गेले. ज्या घरांनी गणना करणारा दारी येताच आपले मूल मागच्या खोलीत नेऊन बसविले, त्यांची मोजदाद यात अर्थातच नाही.

पूर्वी अशा मुलाचा निभाव एकत्र कुटुंबात लागत असे. तो गुरांमागे जाई, आडावरून पाणी आणी, लग्नकार्यात पाने मांडी. सारा गाव त्यास नावाने ओळखी. यावरून तो काळ सोन्याचा होता असे मात्र कोणी समजू नये. त्याच गावात पोरे त्याच्यामागे दगड घेऊन धावत, आणि शेतावर जाणारी आई नाइलाजाने त्याच्या पायास दोरी बांधून दुसरे टोक खांबाला अडकवी. आता ते कुटुंबही राहिले नाही. थोरला मुलगा पुण्यास नोकरीस, धाकटा सोलापुरास कारखान्यात, घरी साठीपुढचे आईबाप आणि त्यांचा तीस वर्षांचा मुलगा, ज्यास अंगरख्याची बटणे लावता येत नाहीत. अशा आईबापांशी पाच मिनिटे बोलून पाहा. गोष्ट पावसाची असो वा ज्वारीच्या भावाची, शेवटी ती एकाच प्रश्नावर येते : आमच्या मागे याचे काय?

या प्रश्नास आपल्याकडे दिले गेलेले पहिले उत्तर शाळेचे होते. मुंबईस होरमसजी व जय वकील या पारशी दांपत्याने आपल्या मुलीसाठी योग्य शाळा मिळेना म्हणून १९४४ साली एक शाळा काढिली. ती आजही त्यांच्या नावाने चालू आहे. पुण्यास सिंधुताई जोशी यांनी १९६४ साली 'कामायनी' स्थापिली. अशा शाळांचे उपकार मोठे आहेत. परंतु शाळा ही सायंकाळी सुटते, आणि मुले मोठी होतात. आईबापांचा प्रश्न सायंकाळनंतरचा व त्यांच्या स्वतःच्या मरणानंतरचा असतो. त्याला वसतिगृहाखेरीज उत्तर नाही अशी वेळ काही घरांवर येतेच, आणि तशी वेळ आलेल्या आईबापांस 'पोर टाकले' म्हणून नावे ठेवणाऱ्या शेजाऱ्यांविषयी आम्हांस मुळीच आदर नाही. त्या शेजाऱ्यांपैकी कितींनी एक दिवस तरी तो मुलगा आपल्या ओट्यावर बसवून घेतला होता?

वसतिगृह हवे असे एकदा मान्य केले, की ते कसे हवे हा प्रश्न टाळता येत नाही. आणि येथे आमच्या महाराष्ट्राचा इतिहास काही अभिमानाचा नाही. १९९४ साली पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून त्यांची गर्भाशये काढून टाकण्यात आली. कारण काय, तर मासिक पाळीच्या दिवसांत त्यांची स्वच्छता राखणे जड जाते. लोकक्षोभ झाला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. या प्रकरणात कोणी दुष्ट राक्षस नव्हता, हीच त्यातील भयंकर गोष्ट होय. डॉक्टर शिकलेले होते, अधिकारी कायद्याचे जाणकार होते. फक्त वसतिगृहात माणसे कमी होती व काम जास्त होते, आणि तेव्हा माणसे वाढविण्याऐवजी मुलींचे शरीर कापून काम कमी करावे, हे सर्वांस सोयीचे वाटले. सोयीसाठी घर बदलण्याऐवजी रहिवाशास बदलणे हा जो दोष, तो लहान रूपाने आम्हांस अनेक ठिकाणी आढळतो. सर्वांची डोकी एकसारखी भादरलेली असतात, कारण उवा काढण्यास वेळ नाही. रात्रीचे जेवण साडेपाचलाच उरकते, कारण स्वयंपाकिणीस घरी जावयाचे असते.

पुढे २०१० साली ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील कवडास येथल्या वसतिगृहात मतिमंद मुले उपासमारीने दगावल्याचे वर्तमानपत्रांत आले व मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन त्याची दखल घेतली. न्यायालयाच्या आज्ञेने राज्यातील अशा वसतिगृहांची पाहणी सुरू झाली, आणि २०११ साली पनवेलजवळ कळंबोली येथील एका संस्थेत मुलींवर झालेले अत्याचार उजेडात आले. २०१३ साली संस्थेच्या चालकास व इतरांस शिक्षा झाली. या खटल्याची हकीकत आम्ही विद्यार्थ्यांपुढे अधिक वर्णन करून सांगणार नाही. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. ज्या मुलींस 'यांना काय कळते, यांना काय सांगता येते' असे म्हणून जगाने बाजूस सारले होते, त्याच मुलींनी न्यायालयात साक्षी दिल्या, आणि न्यायालयाने त्या ग्राह्य धरिल्या. त्यांना सांगता येत होते. इतकी वर्षे विचारणारा कोणी गेला नव्हता.

हे केवळ आपल्याच दारिद्र्याचे फळ आहे असेही नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन बेटावर विलोब्रुक नावाची सरकारी संस्था होती. चार हजार लोकांसाठी बांधलेल्या त्या इमारतींत १९६५ च्या सुमारास सहा हजारांवर मतिमंद मुले व माणसे कोंडली होती. १९७२ साली एका वार्ताहराने कॅमेरा आत नेऊन तेथील उघडी, मळलेली, जमिनीवर पडलेली मुले घरोघरी दाखविली, तेव्हा कुबेराच्या त्या देशास आपल्या अंगणात काय आहे ते कळले. ती संस्था बंद व्हावयास १९८७ साल उजाडले. विलोब्रुक, कवडास व कळंबोली यांत पैशाचे अंतर जमीनअस्मानाचे आहे, आणि तरी तिन्ही ठिकाणी दाराची कडी आतून होती व बाहेरून ती कोणी वाजवीत नव्हते.

कोणी म्हणेल, चालक सज्जन असला म्हणजे पुरे. इतकी चौकशी कशास? आम्ही या मताचे नाही. फ्रान्समध्ये जाँ वानिए यांनी १९६४ साली दोन मतिमंद गृहस्थांसह एका लहानशा घरात राहावयास आरंभ केला, आणि त्यातून 'लार्श' या नावाची घरे जगभर पसरली. आपल्या देशातही बंगळूरला १९७० साली 'आशानिकेतन' सुरू झाले. सेवक व सेव्य अशी दोन ताटे न मांडता सर्वांनी एकाच मेजावर जेवावे, ही त्यातली कल्पना फार थोर आहे व ती आजही तितकीच खरी आहे. वानिए यांस लोक संत म्हणत. त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० साली, संस्थेनेच करविलेल्या चौकशीत त्यांनी अनेक वर्षे कित्येक स्त्रियांशी दुर्वर्तन केले होते असे सिद्ध झाले. त्या स्त्रिया मतिमंद नव्हत्या. परंतु संतपणाच्या तेजापुढे लोकांनी डोळे मिटले की काय होते हे त्यावरून दिसते. संस्थेने ती चौकशी स्वतः प्रसिद्ध केली, हे तिला भूषणावहच आहे. चांगल्या चालकास पाहणीची भीती वाटत नाही, आणि वाईटास ती वाटली पाहिजे. म्हणून ती दोघांच्याही दारी व्हावी.

मग पाहावयाचे काय? इमारत पाहू नये. आपल्याकडे देणगीदारास भिंत आवडते, कारण भिंतीवर नाव कोरता येते. विजेच्या पंख्याच्या पात्यावरही 'अमक्याच्या स्मरणार्थ' असे रंगविलेले आम्ही पाहिले आहे, व पंखा फिरू लागला म्हणजे ते नाव कोणासही वाचता येत नाही. रात्रपाळीच्या बाईच्या पगारावर मात्र कोणाचे नाव कोरता येत नाही, म्हणून तो पगार थोडा राहतो, बाई टिकत नाही, आणि दर चार महिन्यांनी मुलांस नवा चेहरा पाहावा लागतो. वसतिगृहाचे खरे मोल या एका माणसात आहे. रात्री कोण जागे असते, किती मुलांमागे किती माणसे असतात, व त्यांतील जुने माणूस किती वर्षांचे आहे, हे विचारावे. ज्या गृहस्थांनी बोर्डिंग चालविले आहे त्यांस हे निराळे सांगावयास नको; शहाण्या मुलांच्या बोर्डिंगातही खरी खबर भटारखान्यात व रात्रीच लागते.

मुलाच्या जवळ त्याचे स्वतःचे असे काय आहे हे पाहावे. एक पत्र्याची पेटी, तीत त्याचाच सदरा, त्याचीच कंगवा-फणी, घरच्यांचे एखादे छायाचित्र. की धुण्याच्या ढिगातून हाताला येईल तो कपडा कोणाच्याही अंगात? न्हाणीघरास दार आहे काय, व ते लागते काय? पुष्कळ मतिमंदांस फेफऱ्याचाही विकार असतो. त्याचे औषध वेळच्या वेळी दिल्याची वही असते काय? आणि दुपारी तीन वाजता सारी मुले झोपलेली आढळली तर ती दमून झोपली की गुंगीच्या औषधाने, हेही विचारण्यास भिऊ नये. कोण मुलगा गेल्या वर्षी किती वजनाचा होता व यंदा किती आहे, एवढे एक कोष्टक पाहिले असते तरी कवडासची गोष्ट त्या थरास गेली नसती, असे आमचे मत आहे. मुलांनी केलेल्या मेणबत्त्या व पाकिटे विकत घेतो म्हणून आपण संतोष पावतो. त्या विक्रीतील चार आणे तरी करणाऱ्याच्या हाती पडतात काय, व त्यातून त्यास आवडीची जिलबी घेता येते काय, हे विचारणारा विरळा. निवड करणे हेही शिकावे लागते. ज्यास तीस वर्षांत 'तुला काय हवे' असे कोणी पुसलेच नाही, त्यास काही नकोच असते असे मानणे सोपे आहे.

आमच्या तालुक्यापुरती आणखी एक गोष्ट आहे. ती मोठ्या शहरांतील लोकांच्या ध्यानी सहसा येत नाही. दुधनी, मैंदर्गी, नागणसूर या भागांत पुष्कळ घरी कन्नड बोलतात. अशा घरातील मतिमंद मुलास वीस-पंचवीस शब्द येत असतात : अव्वा, नीर, ऊट. तेवढेच त्याचे सारे भाषाधन. ते मूल शंभर कोसांवरच्या वसतिगृहात पाठविले, की तेथे 'नीर' म्हणजे पाणी हे कोणास ठाऊक नसते. ते तहानेने ओरडते, वहीत 'आक्रस्ताळा स्वभाव' अशी नोंद होते, आणि सहा महिन्यांत ते 'मुके' ठरते. शिवाय दूरच्या ठिकाणी भेटीस जाणे म्हणजे दोन दिवसांची मजुरी व भाडे. म्हणून भेटी वर्षातून दोनदा, मग एकदा, आणि मग बंद. यासाठी आमचे मत असे आहे की पाचशे मुलांचे एक भव्य वसतिगृह जिल्ह्याबाहेर असण्यापेक्षा सहा-आठ माणसांचे एक साधे घर अक्कलकोटातच, एखाद्या आळीत, किराणा दुकानाच्या शेजारी असावे. २०१६ च्या कायद्याच्या ५ व्या कलमानेही दिव्यांगांस समाजात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती त्यांच्यावर करू नये असे म्हटले आहे. शुभवर्तमानातील शोमरोन्याची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहे. त्याने जखमी वाटसरूस उतारशाळेत नेऊन ठेविले व पैसे दिले, एवढेच आपण लक्षात ठेवितो. आपण परत येऊ व जास्त खर्च झाला तर तो भरू असेही त्याने सांगितले होते, तो भाग आपण विसरतो.

असे करणे शक्य आहे काय? डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेने मोठ्या झालेल्या मतिमंदांसाठी 'घरकुल' उभारिले आहे, व ते पालकांनीच पुढाकार घेऊन उभे केले. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या मतिमंद, अंध व मूकबधिर मुलांस आपले नाव लावून वाढविले. २०२४ साली त्यांस पद्मश्री मिळाली. पद्मश्रीहून आम्हांस त्यांचा एक हट्ट अधिक मोलाचा वाटतो. बालकांविषयीच्या कायद्यात बालपण अठराव्या वर्षी संपते, व त्यापुढे फार तर एकविसाव्या वर्षापर्यंत मदत मिळते. मग त्या मुलाने जावे कोठे? अठरा वर्षांचा झाला म्हणून कोणी बाप मतिमंद मुलास घराबाहेर काढीत नाही, तर सरकारने तरी का काढावे, असा त्यांचा सवाल आहे. आणि अशा मुलांस जन्मभर त्याच घरी राहू द्यावे यासाठी कायदा मागत ते वर्षानुवर्षे झगडत आले आहेत. याला आजवर समाधानकारक उत्तर कोणी दिलेले आमच्या पाहण्यात नाही.

आमच्या विद्यार्थ्यांस एक विनंती आहे. वाढदिवशी वसतिगृहात जाऊ नका असे आम्ही म्हणत नाही. पण जेवणाबरोबर कॅमेरा नेऊ नका, आणि त्याच वसतिगृहात पुढच्या महिन्यात रिकाम्या हाताने पुन्हा जा. दोघा-तिघांची नावे लक्षात ठेवा. तिसऱ्या खेपेस त्यांतील एखादा दिसला नाही, तर तो कोठे आहे हे विचारा. तुम्ही नावाने विचारता हे तेथील माणसांस एकदा कळले, की त्या मुलाच्या वाट्याची दुधाची वाटी सहसा चुकत नाही.

आणि ज्या पालकांच्या घरी असे मूल आहे त्यांस दोन व्यवहाराच्या गोष्टी. मूल अठरा वर्षांचे झाले म्हणजे आईबाप कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यासाठी एक स्थानिक समिती असते, व ती अर्जावरून कायदेशीर पालक नेमते. नेमलेल्या पालकास सहा महिन्यांच्या आत मुलाच्या मालमत्तेची यादी सादर करावी लागते, म्हणून भाऊबंदांनी जमीन गिळण्याचे भयही काही अंशी कमी होते. याच न्यासाची 'निरामय' नावाची आरोग्य विम्याची योजना एक लक्ष रुपयांपर्यंतची आहे. हे काम सोलापुरास खेपा घालून करावे लागते, तेव्हा मूल सतरा वर्षांचे असतानाच ते हाती घ्यावे.

दुसरी गोष्ट घरबसल्या होण्यासारखी आहे. एक वही करावी व तीत मुलाची सारी माहिती लिहून ठेवावी : तो कोणत्या कुशीवर झोपतो, ताशाच्या आवाजास भितो की नाचतो, फेफरे येण्यापूर्वी चेहरा कसा होतो, भाकरी दुधात कुस्करून लागते की कोरडी, रुसला म्हणजे कशाने उमजतो, पाण्यास काय म्हणतो. आईस लिहिता येत नसेल तर आमच्या शाळेतील तिच्याच शेजारच्या मुलाने तिच्याजवळ बसून ते लिहून घ्यावे. घरची बोली कन्नड असेल तर कन्नड शब्द देवनागरीत लिहून पुढे त्यांचा मराठी अर्थ द्यावा, आणि वहीच्या दोन प्रती कराव्यात. एक घरी, एक मुलाच्या पेटीत.